गरोदरपणात गर्भाशयमुखाचा कर्करोग : नोड कधी काढायचे, कुठवर थांबायचं

#१ रेखांश

शेजारच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, 'चौथ्या महिन्यात सर्व्हिक्सचा कॅन्सर निघाला, मूल ठेवता येईल का?' एक उत्तर आलं 'आधी गर्भपात, मग पुढचं', दुसरं आलं 'बाळंतपण होऊ द्या, तोवर हात लावू नका'. दोन्ही सल्ले कुणा ना कुणा बाईला लागू पडतील, पण आठवडे आणि मिलिमीटर न विचारता दिलेत म्हणून दोन्ही निकामी. म्हटलं वेगळा धागाच काढू.

फिगोचं (जागतिक स्त्रीरोग-प्रसूती संघटना) २०१८ चं वर्गीकरण धरून बोलू. सूक्ष्मदर्शकाखाली ३ मिमीपर्यंत खोल गेलेला तो १ए१, ३ ते ५ मिमी १ए२. त्याहून खोल पण गाठ २ सेंमीच्या आत असेल तर १बी१, २ ते ४ सेंमी १बी२, ४ च्या वर १बी३. बाजूच्या पॅरामेट्रियममध्ये, म्हणजे मुखाला लागून असलेल्या ऊतींत शिरला की २बी. आणि ओटीपोटातल्या नोडला (लसिकाग्रंथीला) लागण झाली की गाठ हरभऱ्याएवढी असली तरी थेट ३सी१.

हे शेवटचं वाक्य गरोदरपणात सगळ्यात महाग पडतं. १बी१ आणि नोड स्वच्छ असतील तर कित्येक बायका छोट्या शस्त्रक्रियेवर किंवा नुसत्या देखरेखीवर नववा महिना गाठू शकतात. तीच गाठ, पण नोड पॉझिटिव्ह, तर मूळ उपचार केमो-रेडिएशन, आणि ओटीपोटावरच्या रेडिएशनसोबत गर्भ टिकत नाही. एमआरआयवर नोड आकाराने ओळखतात, त्यामुळे ५-६ मिमीच्या नोडमधल्या पेशी सुटतात. म्हणून नोड काढून पॅथॉलॉजीला पाठवणं, म्हणजे सर्जिकल स्टेजिंग, या बायकांमध्ये जास्त मोलाचं.

त्याला मुदत आहे, साधारण २२ आठवड्यांची. विसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशयाचा माथा बेंबीशी येतो. त्यापुढे कडेची ऑब्ट्युरेटर फॉसा (ओटीपोटातली नोड असलेली खाच) मोकळी दिसत नाही, गर्भाशय ढकलून जागा करावी लागते, आणि ढकललेलं गर्भाशय कळा देतं. निदान १० नोड हाती आले नाहीत तर 'निगेटिव्ह' या शब्दावर निर्णय टाकता येत नाही. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीतही हीच २२ आठवड्यांची रेघ आहे.

ढोबळ मांडणी अशी. १ए१ आणि रक्तवाहिन्या-लसिकावाहिन्यांत शिरकाव नाही : कोन करा (मुखाचा शंकूसारखा तुकडा काढा), कडा स्वच्छ आल्या की संपलं. शिरकाव असलेला १ए१, १ए२, १बी१, आणि २२ आठवड्यांच्या आत : आधी नोड. स्वच्छ असतील तर मोठा कोन किंवा साधी ट्रॅकेलेक्टॉमी (फक्त गर्भाशयमुख काढणं), नाहीतर बाळंतपणानंतरपर्यंत लक्ष ठेवून थांबणं. १बी२ आणि २२ च्या आत : नोड, मग केमो. आधी केमो देऊन मग नोड असंही काही ठिकाणी करतात, पण केमोमध्ये २२ वा आठवडा निघून जातो हे कॅलेंडरवर बघून ठरवा. २२ च्या पुढे नोडचा नाद सोडायचा, केमो द्यायची किंवा लहान गाठ असेल तर थांबायचं. १बी३ आणि पुढे मूल ठेवायचंच असेल तर केमो हा एकच मार्ग. मूल नको असेल किंवा नोड पॉझिटिव्ह आले तर गर्भ संपवून केमो-रेडिएशन.

रॅडिकल ट्रॅकेलेक्टॉमी (मुखासोबत भोवतालच्या ऊतीही काढणं) मुद्दाम वगळली आहे. गर्भ पोटात असताना त्यात रक्तस्राव फार होतो, गर्भही बऱ्याचदा जातो. कागदावर देखणं ऑपरेशन आहे, या बायकांसाठी नाही.

#२ ओपीडी दुपारची

धागा छान. पण मुळात निदान उशिरा होतं त्याचं काय? अंगावरून जातंय म्हणून बाई येते, 'वार खाली असेल' म्हणून सोनोग्राफी होते, वार वर निघते, आणि 'आराम करा' म्हणून घरी पाठवतात. स्पेक्युलम (योनिमार्ग उघडून मुख बघायचं साधन) कुणी लावतच नाही. वार खाली नाही हे सोनोग्राफीत दिसल्यावर स्पेक्युलम लावायला कसली भीती? संभोगानंतर रक्त, दुर्गंधीचं पाणी, हात लावताच रक्त येणारं मुख, यातलं एकही दिसलं तर कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून मुखाची तपासणी. संशयाच्या जागेची पंच बायोप्सी गरोदरपणात चालते. रक्त जरा जास्त येतं, रक्त थांबवणारी मॉन्सेल पेस्ट आणि दाबून धरलेला बोळा तयार ठेवा. आतल्या नलिकेचं क्युरेटेज (खरवडणं) मात्र करायचं नाही.

उलट टोकाची चूकही होते. बायोप्सीत सीआयएन ३ (कर्करोगाआधीचा बदल) आलं की घाईने लीप, म्हणजे विजेच्या तारेने तो भाग कापणं. आक्रमक कर्करोगाचा संशय नसेल तर सीआयएनला गरोदरपणात उपचार नको, लक्ष ठेवा, बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा कॉल्पोस्कोपी करा.

#३ पीजी दुसरं वर्ष

रेखांश मॅडम, दोन प्रश्न. कोन नक्की कधी करायचा? आणि सगळे नोड काढण्याऐवजी सेंटिनल, म्हणजे रंग किंवा किरणोत्सर्गी द्रव्याने शोधलेला पहिला नोड, चालेल का?

#४ रेखांश

कोन १४ ते २० आठवड्यांत. त्याआधी गर्भपाताचा धोका वेगळा असतोच, मग झालेला गर्भपात कोनमुळे की आपसूक, हे कुणी सांगू शकत नाही. २० नंतर रक्तस्राव आणि मुदतपूर्व कळा. नेहमीचा उंच शंकू नको. गरोदरपणात संक्रमण क्षेत्र (जिथे रोग सहसा सुरू होतो) बाहेरच्या बाजूला आलेलं असतं, त्यामुळे चपटा, नाण्यासारखा कोन पुरतो आणि आतलं तोंड वाचतं. मोठा कोन असेल तर त्याच बैठकीत गर्भाशयमुखाला टाका घालण्याचा विचार करा. आरएच निगेटिव्ह रक्तगटाच्या बाईला अँटी-डी इंजेक्शन विसरू नका.

सेंटिनल : निळे रंग टाळा. पेटंट ब्लू आणि आयसोसल्फॅनला अॅनाफिलॅक्सिसची भीती आहे, आणि मिथिलीन ब्लू गर्भावस्थेत नकोच. टेक्नेशियम (किरणोत्सर्गी द्रव्य) चालतं, गर्भाला मिळणारा डोस अगदी थोडा. आयसीजी या चमकणाऱ्या रंगाचा अनुभव वाढतोय. पण सेंटिनल निगेटिव्ह आला म्हणून मूल ठेवण्याचा निर्णय घ्यायचा तर पूर्ण पेल्विक डिसेक्शन अजून जास्त भरवशाचं, माझा कल तिकडे.

#५ भूल आणि भान

दुर्बिणीने नोड काढताना आमच्या बाजूच्या गोष्टी. पोटातला दाब १० ते १३ मिमी पारा, त्यावर नाही. वेळ ९० ते १२० मिनिटं. इतक्या वेळात जमणार नसेल तर त्या टीमने हात घालू नये. पहिला पोर्ट उघड्या पद्धतीने आणि माथ्याच्या वर. बेंबीत सवयीने व्हेरेस सुई (पोटात वायू भरायची सुई) न बघता घालणं हा इथला सर्वांत टाळता येण्याजोगा अपघात. व्हजायनातून मॅनिप्युलेटर (गर्भाशय हलवायचा दांडा) अजिबात नाही.

विसाव्या आठवड्यापासून टेबल डावीकडे कललेलं हवं, नाहीतर महाशीर दबते, बाईचा रक्तदाब पडतो आणि त्याबरोबर गर्भाचा रक्तपुरवठा. सर्जन 'ट्रेंडलेनबर्ग (डोकं खाली) आणखी द्या' म्हणाले तरी डावा कल सोडू नका. गर्भवतीचा कार्बन डायऑक्साइड मुळातच कमी असतो, त्यामुळे एंड टायडल (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड) ३० ते ३२ च्या आसपास ठेवा. ४० 'नॉर्मल' म्हणून चालवलं तर गर्भाला अॅसिडोसिस. पोट भरलेलं समजूनच नळी घाला. आधी सोडियम सायट्रेट ३० मिली. गर्भाचे ठोके सुरुवातीला आणि शेवटी नोंदवा. नंतर हेपरिन, कारण कॅन्सर, गरोदरपण आणि ऑपरेशन तिन्ही रक्त गोठवणारी.

आणि एक. कुणी म्हणेल, दुर्बीण चालते ना, मग त्याच वेळी रॅडिकल हिस्टरेक्टॉमीही (भोवतालच्या ऊतींसकट गर्भाशय काढणं) दुर्बिणीने उरका. २०१८ च्या लॅक ट्रायलनंतर (दुर्बीण विरुद्ध पोट उघडून, अशी तुलना) रॅडिकल हिस्टरेक्टॉमी पोट उघडूनच. इथे दुर्बीण आहे ती फक्त नोडसाठी.

#६ चुंबकघर

रेडिओलॉजीकडून. एमआरआयला गॅडोलिनियमचं इंजेक्शन नको, त्याशिवायही स्टेजिंग होतं. टी-टू प्रकारच्या प्रतिमा तीन दिशांत, त्यातली एक गर्भाशयमुखाच्या नलिकेला काटकोनात, ३-४ मिमीचे काप, आणि सोबत डिफ्युजन. पेट-सीटी टाळा. छातीचा एक्स-रे हवा असेल तर बिनधास्त काढा, गर्भाला पोहोचणारा डोस ०.०१ मिलीग्रेच्याही खाली असतो.

फसण्याच्या जागा तीन. उजवी मूत्रनलिका गरोदरपणात आपोआप फुगते, रिपोर्टात 'हायड्रोनेफ्रोसिस' (मूत्रपिंड फुगणं) वाचून कुणी ३बी, म्हणजे गाठीने मूत्रमार्ग अडल्याची स्टेज, लिहून मोकळं होतं. नलिका कुठे अरुंद होते ते बघा : श्रोणीच्या कडेशी, जिथे गर्भाशय दाबतं, की गाठीपाशी. दुसरं, पॅरामेट्रियममधल्या शिरा फुगून टी-टूवर पांढऱ्या चमकतात, आणि मऊ पडलेलं गर्भाशयमुख बोटाला 'पसरलेलं' लागतं. दोन्हींमुळे २बी जास्त लिहिला जातो. तिसरं, कोन केल्याच्या चौथ्या दिवशी एमआरआय. सूज आणि रक्तच दिसणार. फॉर्मवर आठवडे आणि बायोप्सीची तारीख लिहायला दोन मिनिटं लागतात. लिहीत जा.

#७ स्लाइड नंबर चार

चुंबकघर, तुमचं रडगाणं आमच्याकडे दुप्पट! फॉर्मवर 'गरोदर, १७ आठवडे' लिहिलं नसेल तर पॅथॉलॉजिस्ट खड्ड्यात जातो. गरोदरपणात मुखाच्या ग्रंथींमध्ये आरियास-स्टेला बदल होतात : मोठी केंद्रकं, गडद रंग, पेशी ग्रंथीच्या पोकळीत डोकावतायत. बघताक्षणी अॅडेनोकार्सिनोमाच वाटतो. मुखाच्या पृष्ठभागाखाली डेसिड्युआ (गरोदरपणात बदललेल्या, निरुपद्रवी पेशी) असतो, तोही फसवतो.

सर्वांत वाईट फसवणूक फ्रोझनवर (ऑपरेशन चालू असताना गोठवून केलेली झटपट तपासणी) होते. पेल्विक नोडमध्येही डेसिड्युआ सापडतो. नोडच्या कवचाखाली मोठ्या, गुलाबी, भरपूर सायटोप्लाझमच्या पेशींचा पुंजका, कडा स्पष्ट, आणि घाईत तो स्क्वेमस मेटास्टेसिस वाटतो. आता विचार करा, ऑपरेशन थिएटरमधून फोनवर 'नोड पॉझिटिव्ह?' विचारतायत आणि तुमच्या 'हो'वर एक गर्भ जाणार आहे. फरक बघायचा तर केंद्रकं एकसारखी आहेत का, मायटोसिस (विभागणाऱ्या पेशी) दिसतायत का, भोवती डेस्मोप्लाझिया (गाठीभोवतीची तंतूमय ऊती) आहे का. शंका असेल तर फ्रोझनवर 'थांबा' सांगा आणि पॅराफिनवर (नेहमीच्या मेणातल्या स्लाइडवर) केराटिनचा रंग लावा. डेसिड्युआ केराटिनला निगेटिव्ह, व्हायमेंटिनला पॉझिटिव्ह. सर्जन चिडतील, चिडू द्या. त्याच बैठकीत गर्भपाताची तयारी ठेवून फ्रोझन मागणं हीच मुळात चुकीची योजना आहे.

कोन पाठवताना घड्याळाच्या बाराच्या जागी खूण म्हणून टाका घाला. एकसंध पाठवा, तीन तुकडे नकोत. तुकड्यांत खोली मोजता येत नाही, आणि २.८ मिमी की ३.४ मिमी यावरच इथे सगळं ठरतं.

#८ केमो डे केअर

केमोचा तपशील कुणी दिला नाही, मी देतो. पहिल्या तिमाहीत नाही. १४ व्या आठवड्यापासून, दर तीन आठवड्यांनी. पॅक्लिटॅक्सेल १७५ मिग्रॅ प्रति चौरस मीटर आणि कार्बोप्लॅटिन एयूसी ५-६ (मूत्रपिंडाच्या क्षमतेवरून काढलेला डोस), किंवा कार्बोप्लॅटिनऐवजी सिस्प्लॅटिन ७५. डोस बाईच्या आजच्या वजनावर. गरोदरपणाआधीचं वजन धरून डोस कापण्याची सवय घातक आहे, त्याने गर्भाला काही जास्तीचं संरक्षण मिळत नाही आणि कॅन्सरही सुटतो. मी कार्बोप्लॅटिन घेतो. सिस्प्लॅटिनने आईचं मूत्रपिंड आणि बाळाचे कान दोन्ही अडचणीत येतात, शिवाय त्याला लागणारे सलाइनचे लिटर आधीच सुजलेल्या बाईत घालायचे.

उलटीसाठी ऑनडॅनसेट्रॉन, मेटोक्लोप्रामाइड. पॅक्लिटॅक्सेलच्या आधीचं स्टेरॉइड म्हणून डेक्सामेथासोन सवयीने लिहिलं जातं, ते वार ओलांडून जातं. मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा हायड्रोकॉर्टिसोन लिहा, ते बरंचसं वारेत निष्क्रिय होतं. बेव्हासिझुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही नवी औषधं बाळंतपण होईपर्यंत बाजूला.

शेवटची केमो ३५ व्या आठवड्याच्या आत, आणि ती व प्रसूती यांत तीन आठवडे. नाहीतर आईच्या पांढऱ्या पेशी तळाला असताना सिझेरियन, आणि बाळाची अस्थिमज्जाही दबलेली. साप्ताहिक पॅक्लिटॅक्सेल असेल तर दोन आठवडे चालतात. दर चक्राआधी वाढीची सोनोग्राफी आणि डॉपलर.

#९ रॅडिकल

केमो डे केअर, पण मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्याच ट्रायलने दाखवलं ना की आधी केमो मग ऑपरेशन हे केमो-रेडिएशनपेक्षा कमी पडतं? २०१८ साली आलेला निकाल, पाच वर्षांत रोगमुक्त राहिलेल्या केमो-रेडिएशनमध्ये ७६.७ टक्के, केमो-ऑपरेशनमध्ये ६९.३ टक्के. मग गरोदर बाईला आपण दुय्यम उपचार देतोय हे स्पष्ट सांगायला नको?

#१० केमो डे केअर

सांगायलाच हवं, आणि लेखी. ती ट्रायल १बी२ ते २बी साठी होती, तेही जुन्या वर्गीकरणातला १बी२, म्हणजे ४ सेंमीच्या वरची गाठ. गरोदरपणातली केमो हा पूल आहे. बाळ जगण्याजोगं होईपर्यंत गाठ थोपवायची, पुढचा उपचार प्रसूतीनंतर गाठ किती उरली, नोडचं काय, यावर ठरतो. २बी असेल तर प्रसूतीनंतर केमो-रेडिएशनच, 'गाठ केमोने आक्रसली म्हणून ऑपरेशन करून टाकू' नाही. बाईला 'उपचार चालू आहे' एवढंच सांगितलं तर ती प्रसूतीनंतर पुन्हा येतच नाही, बाळ झालं, बरं वाटतंय, माहेरी गेली. प्रसूतीच्या आधीच रेडिएशन ओंकोलॉजिस्टची भेट आणि प्लॅनिंगची तारीख देऊन ठेवा.

#११ रेखांश

याच्याशी पूर्ण सहमत. थांबण्याबद्दल एक भर : 'थांबणं' म्हणजे दर दोन ते चार आठवड्यांनी तपासणी आणि चार ते आठ आठवड्यांनी एमआरआय. गाठ वाढली तर त्याच दिवशी योजना बदलायची. तारखा न लिहिता थांबणं म्हणजे विसरणं.

आणि बाळ किती आधी काढायचं? जुनी सवय अशी की ३२-३३ आठवड्यांत फुफ्फुसं पिकवून काढा आणि उपचार सुरू करा. २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये कॅन्सर असलेल्या आयांच्या १२९ मुलांचा अभ्यास आला. पोटात असताना केमो मिळालेल्या मुलांची बुद्धी आणि हृदय समवयस्कांसारखंच निघालं. गुण कमी पडले ते मुदतपूर्व जन्मामुळे. म्हणजे केमो देऊन ३७ आठवड्यांपर्यंत पोहोचता येत असेल तर पोहोचा. लवकर काढावंच लागलं तर ३४ च्या आत आईला डेक्सामेथासोन ६ मिग्रॅ दर १२ तासांनी चार डोस, ३२ च्या आत मॅग्नेशियम सल्फेट.

#१२ भूल आणि भान

मॅग्नेशियम चालू असेल तर आम्हाला आधी सांगा, त्याने स्नायू शिथिल करणारी औषधं जास्त वेळ टिकतात. सरळ सिझेरियनच्या टेबलावर कळतं हो कधीकधी!

आणि केमो डे केअर, इथे वार ओलांडणारं डेक्सामेथासोन हवंच असतं, तिथे नको असतं. फाइलमध्ये दोन्ही ओळी एकाखाली एक आल्या की नर्स गोंधळते. कारण लिहीत जा.

#१३ रॅडिकल

प्रसूतीबद्दल. गाठ मुखावर असताना नैसर्गिक प्रसूती नको. फाटून रक्तस्राव होतो, एपिझिओटॉमीच्या (प्रसूतीवेळी योनिमुखाशी दिलेल्या छेदाच्या) व्रणात कॅन्सर रुजल्याच्या नोंदी आहेत, आणि २०२१ मध्ये जपानमधून दोन मुलांची नोंद आली, ज्यांच्या फुफ्फुसात आईचाच गर्भाशयमुखाचा कॅन्सर सापडला. जन्मताना योनिमार्गातलं पाणी श्वासात गेल्याने. कोनमध्ये कडा स्वच्छ येऊन रोग संपलेला असेल ती गोष्ट वेगळी.

सिझेरियनचा छेद गर्भाशयाच्या वरच्या भागात, उभा. खालच्या भागात नेहमीचा आडवा छेद दिला तर गाठीच्या जवळ जातो, आणि कळांनी पातळ झालेला तो भाग मुखापर्यंत फाटू शकतो. त्याच बैठकीत रॅडिकल हिस्टरेक्टॉमी करायची असेल तर बाळ काढून गर्भाशय झटपट एका थरात शिवा, ऑक्सिटोसिन, मग सुरू. पदर सुटे आणि ओलसर असतात, ऊतींच्या पातळ्या सहज उघडतात, पण अंडाशयाच्या आणि पॅरामेट्रियमच्या शिरा अंगठ्याएवढ्या असतात. क्लॅम्प हळू, टाके दुहेरी. रक्त क्रॉसमॅच करून फ्रिजमध्ये नको, थिएटरमध्ये हवं. तरुण बाईचे अंडाशय ठेवायचे, आणि पुढे रेडिएशनची शक्यता असेल तर वर सरकवून क्लिप लावून ठेवायचे म्हणजे प्लॅनिंगमध्ये दिसतात.

गर्भ नको असेल आणि साधारण २० आठवड्यांच्या आत असेल तर गर्भासकट रॅडिकल हिस्टरेक्टॉमी होते. रेडिएशनच द्यायचं असेल तर पहिल्या तिमाहीत किरण सुरू केल्यावर गर्भपात आपोआप होतो, त्यानंतरच्या आठवड्यांत आधी गर्भाशय रिकामं करणं बरं, बाईच्या मनासाठीही.

#१४ कलम पाच

कायद्याचं कुणी बोललं नाही. गर्भपाताच्या (एमटीपी) कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, २० ते २४ दोन डॉक्टरांचं, पण २० ते २४ ची सोय नियमांत दिलेल्या गटांतल्याच स्त्रियांना. त्या यादीत आईचा कॅन्सर स्वतंत्रपणे लिहिलेला नाही. इथेच गोंधळ होतो आणि आठवडे जातात. स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी तातडीने गरज असेल तर कलम ५ लागतं, त्याला आठवड्यांची मर्यादा नाही आणि एका नोंदणीकृत डॉक्टरचं प्रामाणिक मत पुरतं. त्यामुळे ट्यूमर बोर्डाच्या नोंदीत 'उपचार लांबला तर जिवाला धोका' हे कारणांसह, तारखेसह लिहा. नुसतं 'कार्सिनोमा सर्व्हिक्स, एमटीपीचा सल्ला' लिहिलेला कागद पुढे अडतो.

सज्ञान स्त्रीची संमती तिची एकटीची. नवऱ्याची, सासूची सही कायदा मागत नाही. सही कुणाकुणाची घेता हे पाहिलं की त्या वॉर्डाचं बाईबद्दलचं मत कळतं.

#१५ पीजी दुसरं वर्ष

सगळ्यांचे आभार. एक शेवटचं : बाळाचं काय बघायचं? आणि दूध?

#१६ पाळणा

केमो झालेल्या आईचं बाळ : जन्मल्यावर पूर्ण रक्ततपासणी, क्रिएटिनिन, नेहमीची नवजात तपासणी. सिस्प्लॅटिन मिळालं असेल तर डिस्चार्जआधी ओएई (ऐकण्याची प्राथमिक चाचणी), आणि 'पास' आलं तरी तीन महिन्यांच्या आत बेरा (श्रवण-मज्जातंतूची चाचणी). पुढे दर वर्षी ऐकू येणं आणि विकास बघा. प्रसूतीनंतर केमो सुरू होणार असेल तर अंगावर पाजणं नाही. दूध आटवणारं कॅबरगोलीन पहिल्याच दिवशी लिहा, तिसऱ्या दिवशी स्तन दगड झाल्यावर नको.

वार पॅथॉलॉजीला जाते का ते स्वतः बघा. सिझेरियनच्या गडबडीत ती बादलीतून कचऱ्यात जाते. भरपूर फॉर्मलिन, मोठा डबा, आणि फॉर्मवर आईचं निदान, केमोची शेवटची तारीख आणि 'मेटास्टेसिस शोधावा' ही ओळ.